होतं त्याहून स्वच्छ

निरोप आला तेव्हा माझ्या हातात एका बाईंच्या चष्म्याची गरम केलेली काडी होती. काडी कानामागे टोचते म्हणून त्या दुसऱ्यांदा आल्या होत्या, आणि दोष सर्वस्वी माझा, कानाचा मुळीच नाही, अशा चेहऱ्यानं समोर बसल्या होत्या. गरम काडी वाकवायला फार थोडा अवधी मिळतो. निवली की ती हट्टाला पेटते. नेमका तेव्हाच टेबलावरचा फोन उजळला आणि मी वाचलं. "काका, तुमच्या घरात फार छान दिवस गेले. दाराजवळची पाटी मुलांनाही खूप आवडली. तुम्ही म्हटल्याप्रमाणे घर होतं त्याहून स्वच्छ ठेवून निघालोय. बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारी भिंतीवर एक जुना तेलकट डाग होता, तोसुद्धा सोडा लावून आम्ही सगळ्यांनी मिळून घासून काढला. आता शोधून सापडणार नाही." खाली फोटो होता. फोटोत खिडकी, वेताची खुर्ची आणि भिंत. भिंतीवर काहीच नव्हतं. काडी केव्हाच निवली होती, मी ती तरीही वाकवली आणि ती मोडली. "अहो, हे काय केलंत?" बाई म्हणाल्या. मी म्हणालो, "नवीन घालून देतो." त्या पुढे बरंच काही बोलल्या, हल्ली कुणाचं कामात लक्षच नसतं वगैरे, आणि मी मान हलवत राहिलो. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. उरलेला दिवस मी लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत काढला. पहिली बरी दिसते की दुसरी, असं विचारत होतो आणि उत्तर ऐकायच्या आत तिसरी लावत होतो.

ते घर आमच्या हिचं. तलावाच्या वर, चढावर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे पडवी. आयुष्यभर इस्पितळात नर्स म्हणून राबून निवृत्त झाली आणि मला न विचारता घर ठरवूनच आली. मी म्हटलं, इथलं एक आवरत नाही, तिथलं दुसरं कशाला? ती म्हणाली, "तुम्ही येऊ नका. मी जाईन." मग मी गेलोच, तिच्याआधी सामान घेऊन गेलो, आणि पडव्यांना गळती असते, तलावाकाठी डास असतात, असं काही काही तिला ऐकवत राहिलो. ती ऐकून घ्यायची आणि पडदे शिवत बसायची. ते सुख फार दिवस टिकलं नाही. आजार निघाला, डॉक्टरांनी हात टेकले, आणि ही म्हणाली, मला तिथे न्या. लेक रजा काढून तिच्यासोबत राहिली. मी शहरात. दुकान बंद ठेवून चालणार नव्हतं, असं तेव्हा सगळ्यांचंच मत होतं, हिचं तर सगळ्यात जास्त. मी रविवारी जायचो. बस तलावाला वळसा घालून वर येते, त्यामुळे घराच्या खिडकीतून बस बरीच आधीपासून दिसते. मी फाटकातून आत शिरायचो तेव्हा ही खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसलेली असायची आणि हात वर करायची. त्या सगळ्या हिवाळ्यात मी तिला त्या खुर्चीतच पाहिलं. थंडीनं डोकं कोरडं पडायचं म्हणून लेक तिच्या डोक्याला तेल लावायची. ती गेल्यावर, सगळे पाहुणे परतल्यावर, घर आवरताना मला भिंतीवरचा तो डाग दिसला. तळहाताएवढा, मधे गडद, कडेला विरत गेलेला. खुर्चीच्या पाठीच्या थोडा वर, बरोबर जिथे डोकं टेकावं तिथे.

माणूस गेलं की चेहरा आठवत राहतो असं लोक सांगतात. मला तसा अनुभव नाही. मला फोटो आठवतो. दुकानाच्या मागच्या भिंतीवर तिचा फोटो आहे, त्यातली ती किंचित डावीकडे बघते, आणि हळूहळू मला तीच तेवढी उरली, डावीकडे बघणारी. भांडणातली, शिंकणारी, पदराला हात पुसणारी, सगळ्या जणी कुठे गेल्या कळलं नाही. आवाज तर त्याच्याही आधी गेला. पण त्या डागासमोर उभं राहिलं की मला एक गोष्ट पक्की कळायची: बसल्यावर ती एवढी होती. इथपर्यंत. ह्याला कुणाचा फोटो नको, कुणाची साक्ष नको. मी डागावर हात ठेवायचो आणि हात बरोबर उंचीवर पडायचा. एकदा नाकही लावून पाहिलं. वास चुन्याचाच होता, पण मी बराच वेळ तसाच उभा राहिलो आणि मला बरं वाटलं. साठी उलटलेल्या माणसानं भिंतीला नाक लावून उभं राहणं शोभत नाही हे मलाही कळतं, म्हणून ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. लेकीलाही नाही. ती अधूनमधून म्हणायची, बाबा, विकून टाकू या घर, तुम्ही आमच्याकडे या. मी म्हणायचो, आईचं घर आहे. तिला वाटायचं मी भिंती आणि छपराबद्दल बोलतोय.

भाड्यानं द्यायची कल्पना तिचीच. बंद घर कुजतं, बाबा, निदान कुणी येऊन राहू दे, सुट्टीला चार दिवस. खरं होतं. दारं फुगली होती आणि गाद्यांना कुबट वास यायला लागला होता. मग माणसं यायला लागली आणि माझ्या डोक्याला नसता ताप झाला. सुट्टीवर आलेला माणूस हा एक वेगळाच प्राणी आहे. घरी जो कपाला बशी ठेवल्याशिवाय चहा पीत नाही, तो दुसऱ्याच्या घरी गरम पातेलं थेट टेबलावर ठेवतो. ओले टॉवेल गादीवर. सिगारेटचं जळकं टोक पडवीतल्या तुळईवर दाबलेलं. कुणीतरी हिनं शिवलेल्या पडद्याला बूट पुसले होते, चांगले दोन्ही. मी पाट्या लिहायला घेतल्या. माझं अक्षर बरं आहे, दुकानातल्या पाट्याही मीच लिहितो. भांडी घासून ठेवावीत. पडद्यांना हात पुसू नयेत. खुर्ची खिडकीपासून हलवू नये. नळ पूर्ण बंद करावा. लेक एकदा जाऊन आली आणि हसत सुटली. "बाबा, घर आहे की पोलीस चौकी? मला पाणी प्यायची भीती वाटली." जावई माणूस समजूतदार. तो म्हणाला, हे नको, ते नको असं वाचून कुणी ऐकत नाही. सगळ्या काढा, एकच लावा, आणि प्रेमानं सांगा. मग आम्ही तिघांनी बसून मजकूर केला आणि मी तो निळ्या रंगात लिहून दाराशी लावला. "हे कुणाचं तरी राहतं घर होतं. चार दिवस ते तुमचं आहे. त्याला जपा, आणि जाताना होतं त्याहून स्वच्छ ठेवून जा." आश्चर्य म्हणजे लोक सुधारले. कप धुऊन पालथे घातलेले सापडायला लागले. कुणी गेलेला दिवा बदलून ठेवी, कुणी पडवीत रोप लावून जाई. माझी छाती फुगली. दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचो, माणसं वाईट नसतात हो, त्यांना सांगायची पद्धत असते. ती पाटी वाचून कुणी एक दिवस सोडा आणि स्पंज घेऊन हिच्या डोक्याजवळ येईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

म्हणजे अगदीच आलं नव्हतं असं नाही. डागाखाली एक चिठ्ठी लावावी असं मनात आलं होतं. पण लिहायचं काय? हा डाग पुसू नये? लोक विचारणार, का? आणि कारण लिहावं तर घर भाड्यानं घेतलेल्या कुठल्याही माणसानं चिप्स खात खात ते वाचायचं. जिवावर आलं. त्यापेक्षा न बोलता राखलेलं बरं. रंग काढायचा झाला तेव्हा मी रंगाऱ्याला तेवढं सोडून रंगवायला सांगितलं. तो कुंचला हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. "एवढंच सोडू? काका, लोक मला शिव्या घालतील. म्हणतील रंग संपला वाटतं." मी म्हटलं, सोड म्हणतो ना. त्यानं सोडलं, पण रागानं अगदी कडेपर्यंत रंग आणून सोडलं, त्यामुळे डाग अधिकच उठून दिसायला लागला. घराची देखभाल करणाऱ्या कप्तानालाही मी बजावलं होतं. कप्तान म्हणजे तलावातल्या नावा चालवणारा जुना माणूस, गुडघे गेल्यावर नाव सुटली पण हे नाव राहिलं. तो फडकं मारताना त्या भागाला वळसा घालायचा. का म्हणून त्यानं कधी विचारलं नाही, आणि मला वाटायचं, याला कळलंय. त्या निरोपातल्या बाईंना मी त्या दिवशी काय उत्तर पाठवलं ते सांगायला हवं. मी लिहिलं, "खूप आभार. पुन्हा या." दुसरं काय लिहिणार? त्या शाळेत शिकवतात. त्यांनी मुलांना दुसऱ्याच्या वस्तूची कदर करायला शिकवलं होतं. त्यांच्यावर रागवायचं तर मला कुठे धरायला जागाच नव्हती.

रविवारी गेलो. बसमध्ये मी मनाला समजावत होतो की फोटोत दिसत नाहीत अशा पुष्कळ गोष्टी असतात, कोन असतो, उजेड असतो, आणि तेल काही असं सहजासहजी भिंतीतून जात नाही. माझ्या धंद्यात काच शंभरदा पुसली तरी तिरकी धरली की बोट दिसतंच. कप्तान फाटकाशी भेटला. "माणसं चांगली होती," तो म्हणाला, "मलासुद्धा जेवायला बोलावलं." मग माझ्या तोंडाकडे बघत त्यानं फाटक उघडलं. घर लख्ख होतं. खिडकीच्या गजांचे कोपरे, स्वयंपाकघरातली फरशी, सगळं. एवढं स्वच्छ ते हिच्या हातूनही कधी राहिलं नव्हतं, ती आयुष्यभर इस्पितळात स्वच्छता करून कंटाळलेली होती. भिंतीवर जिथे डाग होता तिथे आता बाकीच्या रंगाहून पांढरी जागा होती, मोठी, वेडीवाकडी, निरनिराळ्या उंचीच्या हातांनी घासलेली. खालच्या बाजूला एका लहान हातानं जोर लावून रंगाचा पोपडाच काढला होता. मी तिरका झालो, खाली बसलो, खिडकी लोटून पाहिली, उघडून पाहिली. काही नाही. मग हात ठेवायला गेलो आणि कुठे ठेवायचा ते कळेना. आधी थोडा वर ठेवला, मग खाली. उंची गेली होती. मी खुर्चीत बसलो आणि भिंतीला डोकं टेकलं. माझं डोकं भलतीकडेच लागलं, आणि मला टक्कल आहे, मी कितीही वर्षं बसलो तरी भिंतीवर काही उमटायचं नाही. याचं मला हसू यायला हवं होतं. मी रडलो, नाक पुसायला खिशात रुमाल नव्हता, आणि पडदा हाताशी होता तरी त्याला पुसलं नाही.

तसाच लेकीला फोन लावला. तिच्या स्वयंपाकघरात नळ वाहत होता. मी म्हटलं, "डाग पुसला गं त्यांनी."

"कुठला डाग?"

"खिडकीजवळचा. आई डोकं टेकून बसायची तो."

नळ बंद झाला. "वेताच्या खुर्चीमागचा?"

"हो."

"बाबा, तिथे मी बसायचे."

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. मी पुन्हा समजावून सांगितलं, कुठली खुर्ची, कुठली भिंत. मग ती म्हणाली, "आईला बसवत नव्हतं. तिथे राहायला गेल्यावर थोडे दिवस बसली असेल, मग नाहीच. ती आतल्या खोलीत पलंगावर असायची. तिचा डोळा लागला की मी बाहेर येऊन खुर्चीत बसायचे, दार उघडं ठेवून, हाक मारली तर ऐकू यावी म्हणून. तिच्या डोक्याला लावलेलं उरलंसुरलं तेल मी माझ्याच डोक्याला पुसायचे. ते डोकं माझं आहे, बाबा."

"आणि रविवारी?"

"रविवारी तुमची बस वळणावर दिसली की आम्ही तिला उचलून आणायचो. मी आणि कप्तान. मान धरवायची नाही म्हणून मागे उशी लावायचो. तिनंच सांगून ठेवलं होतं, त्यांना मी पलंगावर दिसायला नको. तुम्ही परत गेलात की पुन्हा आत न्यायचो. तुम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत ती हात वर धरून असायची ना, तेवढ्यानं थकून नंतरचा सगळा दिवस पडून काढायची ती."

मी उशी आठवून पाहिली. कितीतरी रविवार मी तिच्यासमोर बसलो होतो, दुकानातल्या गमती सांगितल्या होत्या, तिला संत्रं सोलून दिलं होतं. संत्रं आठवलं. उशी आठवली नाही. लोकांच्या डोळ्यांना काय दिसतं आणि काय दिसत नाही याच्यावर माझी भाकरी चालते. "मला सांगायचंस," मी म्हटलं.

"काय सांगायचं? डागाबद्दल तुम्ही कधी बोललात? मला वाटलं रंगाऱ्यानं कंटाळा केला." मग म्हणाली, "मी तर उलट म्हणणार होते, पुसून घ्या तेवढं. मला तिथे गेले की ते बघवायचं नाही. त्या खुर्चीत बसून मी काय काय... जाऊ दे."

"काय काय?"

"जाऊ दे, बाबा. झालं आता."

मला विचारायचं होतं. माझ्याजवळ इतकी वर्षं लेकीच्या डोक्याचा ठसा होता, जिवंत माणसाचा, मी त्याला हात लावून उभा राहायचो, आणि त्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालेलं. त्या हिवाळ्यात ती कुणाशी बोलत असेल? तिच्या रजेचं काय झालं, तिनं नोकरी पुढे का सोडली, हेही मला धड माहीत नाही. पण विचारायला तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. "विकून टाक घर," मी म्हटलं. ती म्हणाली, आत्ता नको हा विषय. मी म्हटलं, नाही, टाकच. ती नाक ओढत होती, रडत होती की सर्दी होती समजलं नाही, आणि तेवढ्यात तिच्याकडे दाराची घंटा वाजली. "नंतर करते," ती म्हणाली. आमच्या घरात नंतर म्हटलं की तो विषय संपला असं समजायचं.

कप्तान पडवीच्या पायरीवर बसला होता. मी त्याच्याशेजारी बसलो. "रविवारी तुम्ही उचलून आणायचात तिला?" मी विचारलं. तो तलावाकडे बघत राहिला. मला वाटलं आता तो नाही म्हणेल, आणि तो नाही म्हणाला असता तर मी त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार होतो. "हलक्या होत्या हो," तो म्हणाला. "काही वाटायचं नाही." म्हणजे त्यालाही सगळं ठाऊक होतं. मग फडकं मारताना तो वळसा घालायचा तो कशासाठी, कुणासाठी, हे मी विचारलं नाही. मालकानं सांगितलं म्हणून, एवढंच असणार. गेलेली बायको मी त्या एका जागेवरून ओळखत होतो, आणि ती जागा तिची नव्हती. तिची खरी जागा आत पलंगावर होती, आणि तो पलंग मीच ती गेल्यानंतरच्या आठवड्यात कुणाला तरी देऊन टाकला होता, कारण त्याच्याशी माझं काही नातं आहे असं मला वाटलं नव्हतं.

पुढची माणसं ठरल्या वेळेच्या आधीच आली. तरुण नवराबायको आणि कडेवर बाळ. आज कुणी येणार आहे हे मी विसरूनच गेलो होतो. नवऱ्यानं पिशव्या खाली ठेवल्या, दाराशी उभं राहून पाटी वाचली, मग बायकोला हाक मारून तिलाही वाचायला लावली. ती वाचता वाचता हळवी झाली, आवाज उतरवून म्हणाली, "किती छान लिहिलंय." मी उठून उभा राहिलो. त्यांनी मला नमस्कार केला. "तुमचंच घर ना?" तो म्हणाला. "आम्ही फार जपून राहू. बाळ आहे, पण भिंतींना हात लावू देणार नाही. आणखी काही सांगायचं असेल तर सांगा. कशाला हात लावायचा नाही, काय हलवायचं नाही."

मी आत पाहिलं. खिडकी होती, खुर्ची होती, पडदे होते. काही सांगावं असं एकही आठवेना.

"काही नाही," मी म्हटलं. "हवं तसं राहा."

"असं कसं?" तो हसला. "तुमच्या आठवणी असतील इथे."

"नाहीत," मी म्हटलं. ते त्याला विनयाचं वाटलं असावं, कारण त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. बायको चपला काढायला वाकली. मी म्हटलं, राहू द्या पायात, फरशी गार आहे. पण तिनं ऐकलं नाही. तिनं स्वतःच्या काढल्या, नवऱ्याच्या उचलून शेजारी लावल्या, भिंतीला टेकणार नाहीत अशा बेतानं. मग बाळाला घेऊन दोघं आत गेली आणि मला आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून त्यांनी दार अगदी हळू लोटून घेतलं.